बदकाची अंडी आणताय? घेण्यापासून ताटात वाढेपर्यंत सगळं इथे वाचा

बदकाचं अंडं म्हणजे जरा मोठं अंडं, एवढंच समजून नेहमीच्या सवयीने केलं की पांढरं चिवट होतं, भुर्जी जड लागते आणि घरातले विचारतात की एवढे पैसे कशाला घातलेस यात. हे अंडं मुळात बलकाचं आहे. बलकाचा वाटा जास्त, पांढऱ्यात पाणी कमी आणि कवच जाड. एवढं डोक्यात ठेवलं की किती वेळ उकडायचं, किती तेल घालायचं, माणशी किती धरायची हे सगळं आपसूक ठरत जातं. मी एकच हिशोब धरते, कोंबडीच्या ३ अंड्यांच्या जागी बदकाची २, मग ती भुर्जी असो नाहीतर आम्लेट.

पुण्यात कुठे बघायची

पुणं तसं अंड्यांचं गाव आहे, अंड्याचा रोजचा भाव सांगणाऱ्या एनईसीसीचं मुख्य ऑफिस पुण्यातच, पण तो सगळा कारभार कोंबडीचा. बदकाच्या अंड्याला असा भाव बिव काही नसतो, विकणारा सांगेल तो, आणि साधारण कोंबडीच्या दुप्पट किंवा त्याच्याही वर जातो. बंगाल, आसाम, केरळ इथे बदकं खूप पाळतात आणि तिथे हे अंडं रोजच्या जेवणात असतं, म्हणून पुण्यात शोधायचं तर तिथल्या लोकांची दुकानं गाठायची. खडकी, पिंपरी, वानवडी बाजूला केरळी किराणावाले आहेत, बंगाली लोकांना मासे पुरवणारे आहेत, त्यांना विचारायचं. कॅम्पातलं शिवाजी मार्केट आणि गणेश पेठेतला मच्छी बाजार इथेही एक चक्कर टाका. समोर ट्रे मांडलेला दिसेलच असं नाही, पण "बदकाची मिळतील का" म्हटलं की "परवा आणून ठेवतो" असं सांगणारा कोणीतरी निघतो. मुळशी, भोर बाजूला फार्महाऊसवर हौसेने बदकं पाळणाऱ्यांकडे पण मिळतात, फक्त तिथे अंडं कधी घातलेलं आहे ते आधी विचारून घ्यायचं.

घेताना

रंगावर जाऊ नका. कवच पांढरं असतं, मळकट दुधी असतं, फिकट हिरवट-निळसर पण असतं आणि ते सगळं बदकाच्या जातीवर ठरतं, पोषणाशी त्याचा काही संबंध नाही. खाकी कॅम्पबेल नावाची जात आहे, इंग्लंडमधे १९०० च्या आसपास ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी तयार केलेली, वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, तिची अंडी बहुतेक पांढरी असतात. आणि गंमत म्हणजे तिच्या पूर्वजांमधे एक जात इंडियन रनर, म्हणजे हिंदुस्थानच्या नावाची, हिरवट-निळसर अंडी त्या जातीत दिसतात.

बघायचं काय तर हातात घेतल्यावर वजन जाणवलं पाहिजे आणि कुठे तडा नको. कवच हाताला गुळगुळीत, जवळजवळ मेण लावल्यासारखं लागतं, ते चांगलं लक्षण. बदकं ओल्यात, चिखलात वावरतात आणि बरीचशी पहाटेच, सूर्य वर यायच्या आत, जिथे असतील तिथे अंडी घालतात, त्यामुळे थोडा मळ असणारच, पण विष्ठेने थापलेलं अंडं स्वस्त दिलं तरी घेऊ नका. त्याला कारण आहे आणि ते साल्मोनेला. हे जंतू कोंबडीच्या अंड्यातही सापडतात, पण बदकाच्या अंड्याच्या बाबतीत त्याची भीती जुनी आहे. २०१० मधे ब्रिटन आणि आयर्लंडमधे लोक आजारी पडले त्याचा माग बदकाच्या अंड्यांपर्यंतच गेला होता. कवचाला बारीक छिद्रं असतात, ओला मळ तिथून आत जातो, आणि कधीकधी तर कवच तयार व्हायच्या आधीच जंतू आत असतात, म्हणजे बाहेरून कितीही चकचकीत दिसलं तरी पूर्ण शिजवूनच खायचं. अर्ध्या कच्च्या बलकाचे फोटो कितीही मस्त दिसोत, घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं किंवा आजारातून उठलेलं कोणी असेल तर तो नाद सोडायचा. कच्च्या अंड्याचं मेयॉनीज, दुधात फेटून पिणं, ते तर अजिबातच नको.

घरी आणल्यावर

लगेच धुऊन फ्रीजमधे ठेवायचा मोह होतो, तो आवरा. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, धुतलं की तो जातो आणि अंडं लवकर खराब होतं. वरचा मळ कोरड्या फडक्याने किंवा जुन्या टूथब्रशने झाडायचा, डब्यात ठेवायचं आणि वापरायच्या अगदी आधी धुवायचं, तेही कोमट पाण्यात. गार पाण्यात भिजत टाकलं की आतलं आकसतं आणि बाहेरचं घाणेरडं पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. फ्रीजच्या दारातल्या खाचांमधे ही अंडी नीट बसत नाहीत तसंही, आणि दार सारखं उघडझाप होतं, म्हणून झाकणाचा डबा, आतल्या कप्प्यात, काकडी-टोमॅटो-कोथिंबीर यांच्यापासून लांब. आणल्यापासून दोन-तीन आठवड्यात संपवा. उकडलेली असतील तर आठवड्याच्या आत.

एप्रिल-मे मधे पुण्यात दुपारी पारा ४० ला टेकतो, तेव्हा ओट्यावर टोपलीत ठेवायची चैन करू नका. पाळीव बदकांमधे नर असतो, म्हणजे बरीच अंडी फळलेली असतात. फळलेलं अंडं खायला काही हरकत नसते, चवीतही फरक नसतो, पण ते उकाड्यात पडून राहिलं की आत वाढ सुरू होते आणि मग फोडल्यावर लाल शिरा दिसतात. गार ठेवलं की हा प्रश्नच येत नाही.

ताजं आहे का बघायला खोलगट भांड्यात पाणी घेऊन अंडं सोडा. आडवं तळाशी बसलं तर ताजं. बुडालं पण उभं राहिलं तर जुनं होत आलंय, उकडायला घ्या, आधी ते संपवा. तरंगलं तर फेकून द्या, वास घेऊन बघू वगैरे भानगडीत पडू नका. आत हवेची पोकळी असते, ती दिवसागणिक मोठी होत जाते म्हणून हे असं होतं. अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर धरलं तरी आतलं दिसतं, पांढऱ्या कवचाचं जरा बरं दिसतं, हिरवट असेल तर काही कळत नाही. आणि काहीही झालं तरी प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं, मग भांड्यात. पाच चांगली अंडी सहाव्याने नासवली तर जीव जळतो, त्यात ही महागाची. फोडताना कढईच्या कडेवर हळूच टिचकी मारून उपयोग नाही, कवच आणि आतली पातळ साल दोन्ही दणकट, सुरीच्या मागच्या बाजूने नीट एक फटका द्यायचा.

पोषण, पण हिशोब नीट करून

या अंड्याबद्दल "दुप्पट पौष्टिक" असं सगळीकडे बोललं जातं, त्यातलं निम्मं नुसतं आकाराचं आहे. कोंबडीचं एक अंडं कवच सोडून साधारण ५० ग्रॅम, बदकाचं ७० ग्रॅम. कोंबडीच्या एकात ७२ कॅलरी आणि ६.३ ग्रॅम प्रोटीन, बदकाच्या एकात १३० कॅलरी आणि ९ ग्रॅम प्रोटीन. ऐकायला भारी वाटतं, पण दोन्ही १०० ग्रॅम घेऊन बघितली तर प्रोटीन १२.६ आणि १२.८, म्हणजे सारखंच की. जिमवाल्यांनी फक्त प्रोटीनसाठी जास्त पैसे मोजायची काही गरज नाही.

खरा फरक बलकात आहे. फॅट एका अंड्यात साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, कोंबडीच्या जवळजवळ दुप्पट. लोह २.७ मिलिग्रॅम, कोंबडीच्या अंड्यात एक मिलिग्रॅमच्या आतच असतं. फोलेट जास्त, अ जीवनसत्त्व चांगलं. आणि बी-१२ मधे तर तुलनाच नाही, एका बदकाच्या अंड्यात ३.८ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागून वर उरेल इतकं, कोंबडीच्या अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही. आपल्याकडे "अंडं चालतं हो, पण मटण-मच्छी नाही" अशी घरं पेठांपासून कोथरूडपर्यंत पुष्कळ आहेत आणि बी-१२ कमी आल्याचे रिपोर्ट पण त्याच घरांमधे येतात, त्यांच्यासाठी हे अंडं खरंच कामाचं. पण अंड्यातलं बी-१२ अंगी कमी लागतं, मासे-मटणाच्या मानाने बरंच कमी, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर अंड्याच्या भरवशावर बंद करू नका. लोहाचंही तसंच आहे, बलकातलं एक प्रोटीन लोहाला धरून ठेवतं. म्हणून अंड्यासोबत लिंबू, टोमॅटो, कोशिंबीर असं काहीतरी आंबट-ताजं घ्या आणि वर लगेच चहा पिऊ नका. आम्लेट आणि कटिंग ही जोडी तुटते याचं मलाही वाईट वाटतं, पण अर्धा-एक तास थांबा.

आता कोलेस्टेरॉल. एका बदकाच्या अंड्यात ६१९ मिलिग्रॅम, कोंबडीच्या १८६ च्या तिपटीहून जास्त. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेने २०१५ मधे रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकली, कारण खाण्यातलं कोलेस्टेरॉल आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल यांचा संबंध पूर्वी वाटायचा तितका सरळ नाही, पण म्हणून डायबेटीस असलेल्याने, हृदयाचा त्रास असलेल्याने किंवा एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढलेल्याने रोज दोन-दोन हाणावीत असा त्याचा अर्थ होत नाही. अशा माणसाने आठवड्यातून किती हे आपल्या डॉक्टरांना विचारावं. तब्येत ठणठणीत असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी एक, मला तरी ठीक वाटतं.

ॲलर्जीचं वेगळं सांगते. कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून बदकाचं चालेल असं कोणी सांगितलं तर घरी प्रयोग करू नका, दोन्हीतली प्रोटीन्स बरीच मिळतीजुळती आहेत. उलट पण होतं, कोंबडीचं वर्षानुवर्षं पचणाऱ्याला बदकाचं सोसत नाही. पहिल्यांदा खात असाल तर थोडं खाऊन बघा. आणि ते "बदकाचं अंडं अल्कलाईन असतं म्हणून भारी" हे जे फिरत असतं ना, कोंबडीच्या अंड्याचं पांढरं पण अल्कलाईनच असतं, सोडून द्या.

चव

बलक गडद, कधी केशरीच, दाट आणि लोण्याकडे झुकणारा. कोंबडीच्या अंड्यात बलक कोरडा पडून घशात अडकतो तसं इथे होत नाही. पांढरं मात्र घट्ट, गुळगुळीत आणि स्वतःची चव जवळजवळ नसलेलं. काही लोकांना मासळीचा वास येतो, आणि ते खोटं बोलत नाहीत, बदकाने गोगलगायी, मासळीची कुट्टी असलं काही जास्त खाल्लं असेल तर तो वास उतरतो. भाताच्या शेतात गवत-किडे-दाणे खाऊन फिरणाऱ्या बदकांच्या अंड्यात तो फारसा नसतो. म्हणजे एकाकडची नाही आवडली तर दुसऱ्याकडची घेऊन बघा. वास जाणवतच असेल तर आलं, लसूण, मिरी आणि शेवटी लिंबू, एवढ्याने काम होतं.

उकडायची पद्धत

फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, नाहीतर गरम पाण्यात टाकल्या टाकल्या तडकतात. पातेल्यात अंड्यांच्या वर दोन बोटं पाणी, उकळी आली की झाऱ्याने एकेक अलगद सोडायचं आणि गॅस मध्यमच्या खाली, नुसतं बुडबुडत राहील इतका. तिथून १३ ते १४ मिनिटं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशाच्या आसपासच उकळतं, म्हणून कोकणातल्या बहिणीने सांगितलेल्या वेळेत एखादं मिनिट वाढवायचं. वेळ झाली की लगेच बर्फाच्या पाण्यात, दहा मिनिटं. बलकाभोवती हिरवट काळपट कडा येते ती जास्त शिजल्याची खूण, बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक एकत्र येऊन होतं, अपायकारक नाही पण दिसायला वाईट आणि वासही येतो. कुकरमधे शिट्ट्या काढून उकडायची सवय असेल तर ती या अंड्यांना लावू नका, पांढरं इतकं चिवट होतं की दात घासून निघतील.

सोलताना जाड बाजूने सुरू करायचं, तिथे हवेची पोकळी असते, आणि आतली साल बोटात धरून कवचासकट ओढायची. अगदी ताजं अंडं सोलताना पांढरं कवचाला चिकटून येतं, चार-पाच दिवसांचं असेल तर सुटतं. अर्धं करायला आमच्या शेजारच्या केरळच्या काकू शिवायचा पांढरा दोरा घेतात, अंड्याभोवती एक वेढा, दोन्ही टोकं ओढली की बलकाला ओरखडासुद्धा नाही. सुरीला हा बलक फार चिकटतो.

भुर्जी आणि आम्लेट

चौघांना बदकाची ५ अंडी पुरे. तेल नेहमीच्या निम्मं घ्या, कारण बलकच स्निग्ध आहे, जास्त घातलं तर ताटलीत तेलाची तार उरते. कांदा बारीक चिरून लालसर करायचा, हिरवी मिरची, आलं-लसूण, मग टोमॅटो, आणि टोमॅटोचं पाणी पूर्ण आटवायचं, हे महत्त्वाचं आहे, पाणी राहिलं की भुर्जी लगदा होते. हळद चिमूटभरच, रंग आपला आपण येतो. अंडी वाटीत फोडून एका अंड्याला एक चमचा दूध किंवा पाणी घालून फेटायची, पांढरं घट्ट असतं म्हणून हे लागतं. गॅस बारीक करून ओतायची आणि तळ खरवडत हलवत राहायचं. रात्री गाडीवरचा भुर्जीवाला मोठ्या आचेवर खणखणाट करतो तसं इथे करू नका. सगळं घट्ट झालं, कुठे ओलं चकाकत नाही असं दिसलं की गॅस बंद, तव्याच्या उष्णतेत ते अजून शिजतंच. वरून कोथिंबीर, लिंबू, आणि सोबत पाव.

आम्लेटलाही तेच, मंद आच आणि झाकण. झाकणामुळे वरची बाजू वाफेत शिजते आणि खालची करपत नाही.

रस्सा

माझ्या मते या अंड्याचं सगळ्यात चांगलं काही होत असेल तर रस्सा. कांदा-सुकं खोबरं भाजून केलेलं आपलं वाटण, त्यात कांदा-लसूण मसाला, हे कोंबडीच्या अंड्याला कधीकधी जास्त होतं, बदकाचा बलक ते पेलतो. उकडून सोललेल्या अंड्यांना सुरीने वरवर तीन-चार चिरा द्या, हळद-तिखट-मीठ चोळा आणि थोड्या तेलात लालसर परता. चिरा विसरू नका, अख्खं अंडं गरम तेलात फुटून उडतं. मग उकळत्या रश्शात सोडून पाच मिनिटं, वर नाही. आंबट हवंच, कोकम किंवा चिंच, नाहीतर दोन घासांनंतर तोंडाला जडपणा येतो. काकूंच्या पद्धतीत रस्सा नसतो, भरपूर उभा कांदा, मिरपूड, कढीपत्ता खोबरेल तेलात परतून जवळजवळ कोरडा मसाला करतात आणि अर्धी केलेली अंडी त्यात उताणी ठेवतात, अप्पमसोबत. आपल्या घावन्यांबरोबर पण झकास.

केक

बेकिंगवाले या अंड्यांच्या मागे असतात ते उगाच नाही, फॅट जास्त म्हणून केक ओलसर आणि भरीव होतो. इथे मात्र नग मोजू नका, वजन करा, रेसिपीत कोंबडीची ३ असतील तर फोडून १५० ग्रॅम. अंडी फ्रीजबाहेर काढून घरच्या तापमानाला येऊ द्या. नुसतं पांढरं फेटायचं असेल तर वेळ जास्त लागतो, थोडा लिंबाचा रस घाला म्हणजे फेस धरतो, भांड्याला तेलाचा थेंबसुद्धा नको. वेलची किंवा संत्र्याची किसलेली साल घातली की अंड्याचा वास राहत नाही.

खारवलेली अंडी

हे आपल्याकडे नाही, चीनपासून फिलिपिन्स-इंडोनेशियापर्यंत करतात, पण लोणच्याची बरणी असलेल्या कुठल्याही घरात जमतं. १ लिटर पाण्यात ३०० ग्रॅम साधं मीठ उकळून विरघळवायचं आणि पूर्ण गार करायचं, कोमट पण नको. तडा नसलेली ८-१० अंडी धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी करून काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत रचायची, स्टील-ॲल्युमिनियम नको. पाणी ओतलं की अंडी वर येतात, खराब म्हणून नाही तर खारं पाणी जड असतं म्हणून, वर छोटी बशी दाबून ठेवायची म्हणजे सगळी बुडून राहतात. झाकण लावून, वर तारीख लिहून, अंधाऱ्या गार कपाटात. तीन आठवड्यांनी एक काढून उकडून बघा, बलक घट्ट, केशरी आणि दाबल्यावर तेल सुटणारा झाला असेल तर झालं, नसेल तर अजून आठवडाभर. मीठ बलकातलं पाणी ओढून घेतं त्याने हे होतं. झाली की सगळी बाहेर काढून १५ मिनिटं उकडून फ्रीजमधे ठेवा, पाण्यात तशीच सोडली तर पांढरं तोंडात धरवत नाही इतकं खारट होतं.

खायची ती थोडीशीच, अर्धं अंडं कुस्करून गरम मऊ भातावर, मीठ न घातलेल्या. ब्लडप्रेशरवाल्यांनी लांबच राहावं. बरणीत एखादं अंडं फुटलं आणि पाणी गढूळ होऊन वास आला तर सगळीच टाकायची, त्यातली चांगली वेचत बसायचं नाही, आणि पाणी चांगलं राहिलं असलं तरी पुढच्या वेळी नवीनच करायचं.